स्कोर म्हणजे खाच

"गणितवाले का तुम्ही? मग वीस मोजून दाखवा."

शाळेत रुजू व्हायला गेलो त्या दिवशी, अजून हातातली वळकटीसुद्धा खाली ठेवली नव्हती, तर स्टाफरूमच्या दारात उभ्या असलेल्या एका उंच, वाळक्या माणसाने मला हे असं विचारलं. मी पारगावकडचा. कारखान्याच्या भागातला, उसात वाढलेला, बी.एस्सी. बी.एड. होऊन आलेला, आणि हा मनुष्य मला वीस मोजायला सांगतोय. मला राग पटकन येतो, आजही येतो. पण नवा होतो. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला मैदानात नेलं. प्रार्थना संपवून पोरं रांगेने वर्गाकडे निघाली होती. "मोजा," म्हणाले. मी मोजली आणि वीस झाल्यावर थांबलो.

"सातवा कोण होता?"

"म्हणजे?"

"सातवा. मुलगा का मुलगी? डोक्याला तेल होतं का? चालताना पाय ओढत होता का?"

मला काय ठाऊक! सातवा म्हणजे सहाच्या पुढचा आणि आठाच्या अलीकडचा. तसं मी म्हटलंही, जरा घुश्शातच.

"मग तुम्ही मोजलं काय, राव?" एवढं बोलून ते निघून गेले. मी वळकटी काखेत धरून मैदानात तसाच उभा.

हे आमचे इंग्रजीचे सर. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण घाटघरच्या रस्त्यावरच्या त्या सगळ्या गावांत त्यांना 'इसाचे सर' याशिवाय कुणी ओळखत नव्हतं. मूळचे आळेफाट्याचे. घरच्यांचं फाट्यावर ट्रकच्या टायरचं दुकान, चांगलं चाललेलं. ते सोडून हा माणूस डोंगरात येऊन पोरांना इंग्रजी शिकवत बसला होता. नव्वद सालानंतरची काही वर्षं मी त्यांच्याबरोबर एकाच खोलीत काढली, कारण गावात भाड्याने मिळेल अशी दुसरी खोलीच नव्हती. पुढे मी पुष्कळ शिक्षक पाहिले, हारतुरे घेतलेले पाहिले, भाषणं ठोकणारे पाहिले. पण ज्याच्या आठवणीने माझी मान आदराने आपोआप लवते असा एवढा एकच. अर्थात त्या दिवशी नाणेघाटात पोरगी हरवली नसती, तर मीसुद्धा त्यांना डोक्याने थोडे सरकलेले म्हणूनच लक्षात ठेवलं असतं. ते पुढे सांगतो. आधी हे ईस, म्हणजे वीस, काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

वीसला इंग्रजीत ट्वेन्टी म्हणतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वीसला त्या भाषेत 'स्कोर' असाही एक शब्द आहे. आमच्या पोरांना स्कोर म्हणजे क्रिकेट. सर फळ्यावर तो शब्द लिहायचे आणि खडू असा दाबून खाली रेघ मारायचे की खडूचा तुकडाच पडायचा. "तिकडचे मेंढके मेंढरं मोजायचे," ते सांगायचे. "वीस झाली की काठीला एक खाच पाडायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. ती खाच म्हणजे स्कोर. म्हणून स्कोर म्हणजे वीस. क्रिकेटवालेसुद्धा आधी काठीवर खाचा पाडूनच धावा मोजायचे. हा शब्द मेंढक्याचा आहे बाबांनो, सायबाचा नाय."

हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकताना असं वाटायचं की हा मनुष्य स्वतः तिथे मेंढरं राखून आला आहे. इंग्रजी बोलायला लागले की आवाज बदलायचा नाही, मान ताठ व्हायची नाही. भाकरीला तव्यावर उलटावं इतक्या सहज बोलायचे. बाकीचे आम्ही इंग्रजीला घाबरायचो, हेडमास्तरसुद्धा घाबरायचे, फक्त ते कबूल करायचे नाहीत.

त्यांचं म्हणणं असं की वीस हा आकडा उगाच आलेला नाही. माणसाला वीस तोंडं ध्यानात ठेवता येतात. एकविसावं आलं की आधीची तोंडं पुसट व्हायला लागतात आणि नुसता आकडा उरतो. म्हणून विसावर थांबायचं, खाच पाडायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा एकपासून. मी एकदा भांडलो. म्हटलं, सर, याला पुरावा काय? तर हातातला चहा फुंकत म्हणाले, "तुम्ही. सातवा कोण होता, अजून सांगितलं नाही तुम्ही." कपाळ माझं!

बाजाराला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. जुन्नरच्या बाजारात केळीवाल्यापुढे उभे राहायचे आणि वीस केळी मागायचे.

"दीड डझन घ्या न्हाईतर दोन डझन घ्या, सर," केळीवाला म्हणायचा.

"डझन आमच्यात चालत नाय."

"तुमच्यात म्हंजी कुनाच्यात?"

"मेंढक्यांच्यात."

केळीवाला माझ्याकडे बघायचा. मी दुसरीकडे बघायचो. शेवटी वीस केळी मिळायची, कारण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दोन केळी तोडून देणं सोपं होतं. खोलीवर येऊन ती केळी ते शेजारपाजारच्या पोरांना वाटून टाकायचे.

पण एकदा त्यांचा राग पाहिला आणि हा नुसता तऱ्हेवाईकपणा नाही हे माझ्या ध्यानात आलं. संध्याकाळच्या एसटीने जुन्नरहून एक इंग्रजी पेपर यायचा, तोही शिळा. सर तो अंगणात बसून वाचायचे. त्या दिवशी कुठल्याशा घाटात बस दरीत गेल्याची बातमी होती, कुठला घाट ते आता आठवत नाही. वाचता वाचता त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मला हाक मारली.

"हे बघा काय लिहिलंय. 'स्कोर्स' माणसं जखमी झाली म्हणे. एक स्कोर म्हटलं की मोजून वीस. पण त्याचं अनेकवचन केलं, स्कोर्स म्हटलं, की अर्थ काय होतो माहीत आहे? पुष्कळ. ढीगभर. म्हणजे कुणी मोजलेलीच नाहीत. ज्या शब्दाने माणूस एकेकाच्या तोंडाकडे बघून मोजायचा, त्याच शब्दाने आता हात झटकतात." त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "कुणाची तरी आई असेल त्यात. ती पुष्कळमध्ये गेली."

त्या रात्री ते जेवले नाहीत. मी भाकरी झाकून ठेवली. पेपरातला एक शब्द वाचून उपाशी झोपणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

वर्गातली पद्धतही अशीच जगावेगळी. हजेरी घेताना ते नावं पुकारायचे नाहीत. वर्गाचे त्यांनी विसा-विसाचे गट पाडले होते, आणि प्रत्येक पोराला आपल्या गटातला नंबर दिलेला होता. पोरांनी आपापला नंबर इंग्रजीत मोठ्याने म्हणायचा. वन, टू, थ्री, असं करत विसापर्यंत. सर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत ऐकायचे. एखादं पोर आलं नसेल तर त्याच्या नंबरापाशी सगळ्यांनी थांबायचं. पुढच्याने घाईने आपला नंबर म्हणायचा नाही, शेजारच्याने सरकून जागा भरायची नाही. वर्ग गप्प. मग सर मान हलवायचे आणि पुढचा नंबर. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर सर त्या पोराच्या घरी, मग घर तीन टेकड्यांपलीकडे का असेना. हेडमास्तरांना हे अजिबात खपायचं नाही. हजेरीतच निम्मा तास जातो, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा, असं ते मला ऐकवायचे, कारण सरांना ऐकवून उपयोग नव्हता.

तिसऱ्या इसात एक मुलगी होती. डोंगरातल्या वाडीतली, सावळी, बारीक, सदा मान खाली. आईबाप भातखाचरात, घरी हिची आजी. वर्षभरात या पोरीच्या तोंडून मी एकच शब्द ऐकला होता, 'सेव्हंटीन'. तोही तिचा नंबर म्हणून. गणिताच्या तासाला फळ्याजवळ बोलावलं तर डोळ्यांत पाणी. पण सरांनी पहिल्यांदा स्कोर शिकवला त्या दिवशी ही पोरगी शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि शेजारीण खुदकन हसली. सरांनी विचारलं. शेजारीण म्हणाली, "सर, ही म्हनती का आमची म्हातारी बी तसंच मोजती. येक ईस, दोन ईस." सगळा वर्ग हसला. पोरगी लाजून बाकाखाली गेली म्हणायची.

सर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन त्या म्हातारीला घेऊनच आले. नऊवारी पातळ, कपाळावर गोंदण, पायात काही नाही. इंग्रजीच्या तासाला तिला खुर्चीवर बसवलं. हेडमास्तर दारात येऊन विचारायला लागले, हे काय चाललंय. सर शांतपणे म्हणाले, "आज बाहेरून व्याख्यात्या बोलावल्यात." म्हातारी अवघडून बसली होती, पण मोजायचं म्हटल्यावर खुलली. पदराच्या गाठीतून हिरडे काढले आणि टेबलावर मांडायला लागली.

"ह्या हाताची पाच, ह्या हाताची पाच," ती म्हणाली. "मंग पायाची. समदी बोटं सरली का ईस. ईस म्हंजी येक आख्खं मानूस, बाळांनो. येक मानूस पुरा झाला का मंग दुसऱ्याला हात घालायचा. आर्ध्यात सोडायचा न्हाई."

सर पोरांमध्ये खाली मांडी घालून बसले होते. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मग उठून पोरांना म्हणाले, "ऐकलं ना? जे मी पुस्तकातून शिकलो ते तुमच्या घरात चुलीपाशी आहे. आता सांगा, इंग्रजी अवघड का?" त्या दिवसापासून पोरांची भीती मोडली, आणि सरांचं नाव इसाचे सर पडलं. बाजारातले व्यापारी डोंगरातल्या बायांना ईस-दोन ईस म्हणून चिडवायचे, तर आमची पोरं उलट उत्तर द्यायला लागली की तुमाला इंग्रजी येत न्हाई वाटतं.

आता नाणेघाट. सहल काढायची कल्पना माझी. नाणेघाटातल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे दगडात कोरलेले आहेत, दान दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे. गणिताच्या मास्तराला यापेक्षा मोठं तीर्थ नाही. भाद्रपदाचे दिवस. पाऊस थांबून थांबून पडत होता. तीन ईस पोरं घेऊन आम्ही एसटीने पठारावर पोचलो. पोरांनी लेणं पाहिलं, मी घसा कोरडा होईपर्यंत बोललो. सर त्या कोरलेल्या खुणांवरून बोट फिरवत उभे होते. कुणी काही विचारलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

परत पठारावर आलो तोवर धुकं आलं. तिथलं धुकं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. कोकणातून वर चढतं आणि बघता बघता हाताला हात दिसेनासा होतो. वर पाऊस. सगळ्या पोरांनी डोक्यावरून पोत्याच्या खोळी घेतल्या होत्या. एसटीजवळ उभं करून त्यांना खाऊ वाटला, एकेक राजगिऱ्याचा लाडू. ड्रायव्हर घाई करत होता. "सर, लई दाट झालंय. आंधार पडला तर मला वळणं दिसायची न्हाईत."

हेडमास्तरांनी पोरं मोजली. बरोबर तीन ईस. मी मोजली. बरोबर. हेडमास्तर म्हणाले, चला, बसा.

"थांबा," सर म्हणाले. "मी बघितली नाहीत अजून."

हेडमास्तर वैतागले. दोघांनी मोजलीत ना, आणखी काय बघायचंय?  सर रांगेच्या टोकाशी गेले आणि एकेक खोळ उचलून तोंड बघायला लागले. खोळ उचलायची, बघायचं, डोक्याला हात लावायचा, पुढे. पहिलं ईस झालं. दुसरं झालं. मी पावसात चडफडत उभा. तिसऱ्या इसाच्या शेवटाकडे त्यांनी एक खोळ उचलली आणि हात तसाच वर राहिला.

आत वेगळंच तोंड होतं. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी, तोंडात लाडू.

"तू कुणाची गं?"

"घाटघरची. म्हसरं घिऊन आल्ते. खाऊ वाटत्यात म्हून हुबी ऱ्हायले."

 आकडा बरोबर होता आणि आमची एक पोरगी नव्हती. सतरा नंबरची. शेजारीण रडत सांगायला लागली की ती मघाशी आडोशाला जाते म्हणून गेली, बाप्ये बघतील म्हणून लांब गेली. म्हशींसोबत घाटघरचा एक माणूस आला होता, त्याने विचारलं, "कुनीकडं गेली?" शेजारणीने हात केला. त्या माणसाचा चेहरा उतरला. "तिकडं नानाच्या आंगठ्याचा कडा हाय. गवत सपलं का थेट कोकन."

हेडमास्तर सैरभैर झाले. हाका मारा, पळा, सगळे पांगा, असं काहीतरी बोलायला लागले. सरांनी त्यांचा हात धरला. "कुणी पळायचं नाही. पळालं तर आणखी एक जाईल. आणि हाका मारल्या तर ती आवाजाच्या दिशेने धावेल, धुक्यात दिशा कळत नाही." मग वळून म्हणाले, "तिसरं ईस, हजेरी. मोठ्याने."

पोरांना काही कळलं नाही, पण हजेरीत जागचं न हलता आपला नंबर म्हणायचा ही सवयीची गोष्ट होती. वन. टू. थ्री. आवाज कापत होते. सिक्स्टीन झालं. मग सगळे थांबले. वारा आणि पावसाचा आवाज, बाकी काही नाही. एटीनवाल्या पोराने तोंड उघडलं, सरांनी हाताने गप्प केलं. आम्ही ऐकत राहिलो. काहीच नाही.

"पुन्हा. एकपासून."

चार पावलं अंगठ्याच्या बाजूला सरकून पुन्हा मोजलं. पुन्हा सोळापाशी थांबलो. हेडमास्तर खाली बसले होते, हात जोडून. माझ्या डोळ्यांपुढे तिची म्हातारी येत होती. तिला काय सांगायचं? तुझी नात पुष्कळमध्ये गेली, असं? सरांच्या तोंडावरचा रंग पार गेला होता, पण आवाज वर्गातल्यासारखाच.

"पुन्हा."

सिक्स्टीन. थांबलो. आणि वरून, डाव्या अंगाने, धुक्यातून एक बारीक आवाज आला.

"सेव्हंटीन."

देवाशप्पथ सांगतो, आजवर एवढं शुद्ध इंग्रजी मी ऐकलेलं नाही.  पोरं ओरडणार तेवढ्यात सर म्हणाले, "एटीन." एटीनवाला रडत रडत एटीन म्हणाला. मग नाइन्टीन, ट्वेन्टी. ईस पुरं झाल्यावरच ते जागचे हलले. पोरांना म्हणाले, आम्ही येईपर्यंत मोजत राहा, थांबू नका.

घाटघरचा माणूस पुढे, मधे सर, मागे मी, काठीला धरून आम्ही चढलो. खालून पोरांचं मोजणं आणि वरून दर वेळी तिचं सेव्हंटीन. त्या आवाजावर आम्ही गेलो. ती ओल्या गवतात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्यापुढे दोन हातांवर गवत संपत होतं आणि खालून वारा अंगावर येत होता. घाटघरच्या माणसाने आधी तिचं मनगट धरलं आणि मग श्वास सोडला.

"उठली नाहीस, बरं केलंस," मी म्हणालो. 

"उठून कुठं जानार? दिसत न्हवतं," ती म्हणाली. थंडीने दात वाजत होते, पण रडत नव्हती. "माझ्याबिगर ईस भरत न्हाई. मंग सर गाडी हालू देनार न्हाईत, म्हून बसून ऱ्हायले."

सर तिथेच चिखलात बसले आणि तोंड झाकून रडले. मी त्या माणसाकडे बघत होतो आणि मला कळत नव्हतं की याला काय म्हणावं. आम्ही सगळे शिकवायचो. पण जिवावर बेतल्यावर पोर ज्याच्या भरवशावर जागचं हलत नाही, असं मला काय शिकवता आलं होतं? मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना कळलंही नसेल, धुकं होतं.

खाली आल्यावर सगळी पोरं गाडीत बसली. घाटघरची ती छोटी अजून तिथेच उभी होती, खोळ घेऊन, हाताला लाडवाचा चिकटा. सगळं बघितलं होतं तिने. सरांचा शर्ट ओढून म्हणाली, "मास्तर, मी कितवी?"

सर तिच्यापुढे उकिडवे बसले. तिची खोळ मागे सारली, तोंडाकडे नीट बघितलं आणि डोक्याला हात लावला. "तू वन," ते म्हणाले. "पुढच्या इसाची पहिली."

"वन," ती म्हणाली, आणि म्हशींकडे पळाली.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि मागे वळून विचारलं, "झाले का समदे?"

"तीन ईस आन् एक," सर म्हणाले.

"एक जादा? ते कुठं बसवायचं?"

"ती हितंच ऱ्हाती," सर म्हणाले. "पण मोजलीय."